फेल्युअर देणारे सर

हल्लीची विमानं बिघडत नाहीत, ही सरांची कायमची तक्रार आहे. इंजिनं वर्षानुवर्षं चालतात. एक संगणक गेला तर दुसरा मुकाट्याने त्याचं काम उचलतो आणि पडद्यावर एक ओळ लिहून मोकळा होतो. कित्येक पायलट नोकरीला लागतात, केस पिकवतात, पासष्टाव्या वर्षी गळ्यात हार घालून घेतात, आणि एवढ्या वर्षांत त्यांचं एकही इंजिन बंद पडलेलं नसतं. मग पडलंच तर काय करायचं, ते त्यांना येणार कुठून? त्यासाठी सर आहेत. यंत्र दुरुस्त करण्याचा पगार घेणारे जगात पुष्कळ, मीही त्यातलाच. यंत्र बिघडवण्याचा पगार सर घेतात. आम्ही दोघं एकाच यंत्रावर असतो. दिवसा मी ते नीट करतो, रात्री ते बिघडवतात, आणि पगार त्यांना जास्त आहे.

यंत्र म्हणजे एअरबस ए-३२० चा सिम्युलेटर. दिल्लीबाहेरच्या एका ट्रेनिंग सेंटरात मी त्याच्या मेंटेनन्सला आहे. उंच शेडमध्ये सहा पायांवर उभी पांढरी खोली, आत हुबेहूब कॉकपिट, काचेबाहेर संगणकाने काढलेलं जग. पंख नाहीत, शेपूट नाही, मागे प्रवासी नाहीत. आत जायला एक छोटा पूल असतो; तो उचलला की खोली पायांवर डोलायला लागते आणि आतला माणूस आपण शेडमध्ये आहोत हे थोड्याच वेळात विसरतो. खोटं वाटत असेल तर सीटवरचे घामाचे डाग बघा. ते मलाच पुसावे लागतात.

यंत्र इतकं महाग की त्याला झोपू देणं कोणाला परवडत नाही. चार-चार तासांचे स्लॉट, दिवसरात्र. रात्री दोन ते सहा हा स्लॉट कोणाला नको असतो, म्हणून तो नव्या पोरांच्या वाट्याला येतो. सर मात्र तो मागून घेतात. रात्री दोनला ज्याचं डोकं चाललं त्याचं दिवसा कधीही चालेल, असं त्यांचं म्हणणं. घरी त्यांना झोप लागत नाही, असं आमच्या कँटीनवाल्याचं म्हणणं.

सरांचं नाव सांगत नाही. एक तर हे सर म्हणजे मी पाहिलेल्या तिघाचौघांना एकत्र कालवून केलेले आहेत. आणि दुसरं, ते सगळे अजून धडधाकट आहेत आणि माझ्या कामावर दर आठवड्याला शेरे लिहितात. तर, सर पार्ल्याचे. लहानपणी गच्चीवर उताणं पडून सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांची पोटं पाहिलेली. पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये लागले. आधी अ‍ॅव्हरो, मग बोइंग ७३७, मग १९८९ मध्ये ए-३२० आपल्याकडे आलं तेव्हा ते. “अ‍ॅव्हरोला पायलट लागायचा, बोइंगला पायलट चालायचा, एअरबस पायलटला चालवून घेते,” असा त्यांनी स्वतःच्या साऱ्या नोकरीचा हिशेब एका ओळीत मांडून ठेवलाय, आणि प्रत्येक बॅचला तो आत्ताच सुचल्याच्या आविर्भावात ऐकवतात.

संगणक गार राहावेत म्हणून आत एसी जोरात असतो, त्यामुळे सर बारा महिने हातविणीचा हाफ स्वेटर घालून येतात. हातात थर्मास, खांद्याला शबनम, शबनममध्ये चकल्यांचा डबा. पायलटांच्या मागे इन्स्ट्रक्टरची खुर्ची असते, तिथे बसून ते चकल्या खातात, आणि माइक तोंडाजवळ असल्यामुळे तो आवाज दोघांच्या हेडसेटमध्ये जातो. एकदा एका पोराने तो कुडुमकुडुम आवाज इंजिनाचं व्हायब्रेशन समजून पडद्यावर इंजिनाचं पान उघडलं. सरांनी त्याला सिच्युएशन अवेअरनेसमध्ये पाचपैकी चार दिले. एक मार्क का कापला असं त्याने विचारलं, तर म्हणाले, “कुठल्या इंजिनाचा आवाज ते सांगितलं नाहीस.”

आता सरांच्या मुख्य रोगाकडे येतो.

पायलटच्या समोरच्या पडद्यावर अगदी वर एक अरुंद पट्टी असते. तिला सगळे एफएमए म्हणतात. पाच खण, त्यांत हिरवी, निळी, पांढरी अक्षरं. इंजिनाची ताकद सध्या कोण ठरवतंय, विमान वर चाललंय ते कोणाच्या हिशेबाने, वळतंय ते कोणाच्या सांगण्यावरून, ऑटोपायलट लागलाय की सुटलाय, हे सगळं विमान तिथे लिहून दाखवतं. काही बदललं की नव्या अक्षरांभोवती दहा सेकंद पांढरी चौकट येते. दहा सेकंद विमान सांगत असतं की बाबांनो, मी विचार बदललाय. मग चौकट जाते आणि बदललेला विचार तेवढा राहतो. नियम असा की विमान चालवणाऱ्याने तो बदल मोठ्याने वाचायचा आणि शेजारच्याने वर बघून ‘चेक्ड’ म्हणायचं.

सरांचं निम्मं शिकवणं एका प्रश्नात बसतं: “एफएमए काय म्हणतंय?” विमान भलतीकडे वळलं, एफएमए काय म्हणतंय? वेग वाढला, एफएमए काय म्हणतंय? एक मुलगी टेकऑफच्या आधी “सर, मला जरा भीती वाटतेय” असं म्हणाली होती, तिलाही त्यांनी हेच विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे तिला त्याने बरं वाटलं.

पोरं हुशार असतात, पट्टी घडाघडा वाचतात. “मॅन फ्लेक्स, एसआरएस, रनवे, ऑटोथ्रस्ट ब्लू.” सर म्हणतात, “छान. आता हेच आजीला सांग.” पोरगं अडखळत सांगतं की आजी, इंजिनाची ताकद मी ठरवली आहे, विमान ठरलेला वेग धरून वर जाणार आहे, धावपट्टीच्या मधल्या रेघेवर राहणार आहे, आणि थोड्या वेळाने मी लिव्हर मागे घेतला की पुढची ताकद विमानच बघणार आहे. “मग आजी काय म्हणाली?” पोरगं गप्प. “आजी म्हणाली, विमान एवढं सगळं करतंय तर तू तिथे कशाला बसलायस? उत्तर दे तिला.” उत्तर कोणालाच येत नाही. सर घड्याळ बघतात आणि डाव्या इंजिनाला आग लावतात.

सरांकडे दोन जातींचे विद्यार्थी येतात.

पहिली जात नव्या पोरांची. गोंदियाला, बारामतीला, धुळ्याला किंवा आणखी कुठे दोनशे तास छोटी विमानं उडवून लायसन मिळवलेलं, आईबापांनी कर्ज काढलेलं, आणि आता थेट पंचाहत्तर-अठ्ठ्याहत्तर टन वजनाच्या जेटमध्ये बसलेली. यांना विमानापेक्षा त्याच्या संगणकाची ओळख लवकर पटते. एअरबसमध्ये वेग, दिशा आणि उंची यांच्या गुंड्या असतात. गुंडी आत ढकलली की विमान आपल्या संगणकातल्या बेताप्रमाणे चालतं. बाहेर ओढली की पायलट सांगेल तसं. ही पोरं दिसेल ती गुंडी आत ढकलतात. मुंबईला उतरताना कंट्रोलरने धावपट्टी बदलली की दोघांचीही डोकी खाली जातात आणि बोटं कीबोर्डवर चालायला लागतात. बाहेर घाटकोपर जवळ येत असतं. अशा वेळी सर चकली बाजूला ठेवतात, आवाज न करता समोरच्या स्क्रीनवर बोट टेकवतात आणि पक्ष्यांचा थवा सोडतात.

दुसरी जात मुरलेल्यांची. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि आयुष्यभर बोइंग ७३७ चालवलेले कॅप्टन एअरबस शिकायला आले. बोइंगमध्ये ऑटोथ्रॉटल लावलं की लिव्हर आपोआप मागेपुढे सरकतात, हाताला कळतं की इंजिनाला काय सांगितलं जातंय. एअरबसचे लिव्हर एकदा खाचेत ठेवले की जागचे हलत नाहीत; आवाज वाढतो, आवाज कमी होतो, लिव्हर तिथेच. हे कॅप्टन लिव्हरवर हात ठेवून विषण्ण बसतात. समोर धरायला योक नाही, बाजूला एक इवलीशी काठी, आणि शेजारच्याने त्याची काठी हलवली तर आपली हलत नाही. ते प्रत्येक गुंडी बाहेर ओढतात, कारण ओढल्यावर निदान आपण काहीतरी केलं असं वाटतं. त्यातल्या एका वयस्क कॅप्टनसाहेबांचा चेहरा मला आठवतो. योक जिथे असायला हवा तिथून सरांनी त्यांना घडीचं टेबल बाहेर काढून दाखवलं, जेवायचं. साहेबांनी त्यावर दोन्ही हात ठेवले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

पहिल्या जातीला सर सांगतात, ओढा. दुसऱ्या जातीला सांगतात, ढकला. मधल्या सुट्टीत दोन्ही जाती कँटीनमध्ये भेटतात आणि एकमेकांना सरांचे उलटसुलट सल्ले सांगून गोंधळ घालतात. कँटीनमध्येही सुटका नसतेच. चहाच्या रांगेत सर मागून हळूच म्हणतात, “वेगाची सगळी मीटरं गेली. काय करशील?” पोरगं हातातला कप न सांडता उत्तर देतं, “पंधरा अंश, टोगा, सर.” “वर गेलास, दहा हजार फुटांच्या खाली आहेस.” “दहा अंश, क्लाइम्ब.” “त्याच्या वर?” “पाच अंश, क्लाइम्ब.” नाकाचा कोन आणि इंजिनाची ताकद ठरवून दिली की विमान वेग न वाचताही उडत राहतं, एवढा त्याचा अर्थ. आमच्या कँटीनवाल्याला हे आता पाठ आहे. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ अडकलं, ऑटोपायलटने काम सोडलं आणि एक धडधाकट विमान नाक वर ठेवून समुद्रात गेलं, २२८ माणसं गेली. ही गोष्ट सर रांगेत सांगत नाहीत. रांगेत फक्त पंधरा, दहा, पाच.

सरांची खरी कला मात्र आवाजाची. सिम्युलेटरमध्ये विमानाबाहेरचं सगळं जग इन्स्ट्रक्टरलाच उभं करावं लागतं. कंट्रोलर तोच, जमिनीवरचा इंजिनिअर तोच, केबिन क्रू तोच, कंपनीच्या ऑपरेशन्सचा चिडलेला साहेबही तोच. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रं उभी केली, सरांची तेवढी नसतील, पण देशपांड्यांना एका हाताने आग लावायची नव्हती आणि दुसऱ्याने चकली खायची नव्हती. मुंबई अ‍ॅप्रोच बोलताना सर नाकातून, भरभर आणि थोडे रागावून बोलतात, कारण त्यांच्या मते मुंबई अ‍ॅप्रोच तसंच बोलतं. पुशबॅकच्या वेळी “साब, ब्रेक रिलीज कर दीजिए” असं म्हणणारा ग्राउंडचा माणूस दिल्लीचा असतो. आणि केबिन क्रू होताना ते आवाज बारीक आणि अतिशय गोड करतात: “कॅप्टन, रांग चौदामधल्या ओव्हरहेड बिनमधून धूर येतोय, आणि एका काकांना चहा हवाय.” काकांच्या चहाचं सिलॅबसमध्ये काही नाही. ते सरांनी स्वतः घातलं आहे. पायलट आधी चहाचं उत्तर देतो का, हे त्यांना बघायचं असतं. थकलेल्या माणसाला दोन कामं दिली की तो सोपं आधी उरकतो, हे सांगून ते पुढे म्हणतात, “आणि विमानात सोपं काम म्हणजे नेहमी बटण दाबायचं काम.”

हवामानावरही त्यांचीच सत्ता. स्क्रीनवर एक बोट टेकवलं की रात्र, दुसरं टेकवलं की धुकं. रागावले तर मुंबईच्या धावपट्टीवर बर्फ पाडतात. “मुंबईत बर्फ, सर?” असं कोणी म्हटलंच तर, “एफएमएला विचार,” असं उत्तर येतं. आणि सगळ्यात भयंकर बटण म्हणजे फ्रीझ. विमान हवेत जागच्या जागी थांबतं, इंजिनाचा आवाज चालू, काचेबाहेर अंधेरीचे दिवे स्तब्ध, आणि मागून सरांचा शांत आवाज: “आता सांग. आत्ता या क्षणी विमान कोण चालवतंय?” मी बाहेर कंट्रोल रूममध्ये बसून हे ऐकलेलं आहे. उत्तर यायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो. “मी” असं उत्तर फार क्वचित येतं.

दर बॅचला पहिल्या दिवशी सर एक जुनं रेकॉर्डिंग दाखवतात. अमेरिकन एअरलाइन्सचे कॅप्टन वॉरेन व्हँडरबर्ग यांनी १९९७ मध्ये डॅलसला पायलटांसमोर दिलेलं व्याख्यान. संगणकाने आखलेल्या गुलाबी-जांभळ्या रेघेमागे डोळे मिटून जाणाऱ्या पायलटांना त्यांनी त्या रेघेची लेकरं म्हटलं होतं, आणि गडबड झाली की संगणकाला नव्याने समजावत बसू नका, एकेक पायरी खाली उतरा, शेवटी सगळं सोडून हाताने उडवा, असं बजावलं होतं. सर ते व्याख्यान शब्दाशब्दाने जाणतात. व्हँडरबर्ग श्वास घेतात तिथे तेही घेतात. आणि रेकॉर्डिंग संपलं की दिवा लावून पहिलं वाक्य बोलतात: “एक लक्षात ठेवा, आपल्या एअरबसवर ती रेघ हिरवी असते.” पोरं वहीत हे एवढंच लिहून घेतात.

मग येतात अर्ल वीनर. यंत्र आणि पायलट यांच्या संसाराचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक. १९८० च्या दशकात पायलटांशी बोलून त्यांनी काढलेलं सार तीन प्रश्नांत बसतं आणि सरांनी ते फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय: हे आता काय करतंय? हे असं का करतंय? आता पुढे काय करणार? फळा पुसणाऱ्या पोराला सक्त ताकीद आहे. ताकीद नीट न समजल्याने त्या तीन ओळींच्या आजूबाजूचा फळाही गेल्या कित्येक महिन्यांत पुसलेला नाही.

आणि शेवटी विनोद. भविष्यात कॉकपिटमध्ये एक पायलट असेल आणि एक कुत्रा. पायलट कुत्र्याला खायला घालायला, आणि पायलटने कशाला हात लावला तर त्याला चावायला कुत्रा. हा विनोद जगातल्या प्रत्येक ट्रेनिंग सेंटरात सांगतात. सर तो सांगून स्वतः हसत नाहीत. “१९१४ मध्ये पॅरिसला लॉरेन्स स्पेरीने ऑटोपायलट दाखवला, तेव्हा त्याने काठी सोडून दोन्ही हात वर केले होते,” ते म्हणतात. “मेकॅनिक पंखावर चालत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुत्र्याचं तेव्हाच ठरलं होतं.”

एवढं सगळं वाचून सर यंत्रद्वेष्टे वाटतील. तसं मुळीच नाही. ए-३२० वर त्यांचा जीव आहे. फक्त त्याच्या मनात काय चाललंय हे माहीत नसताना त्याच्याबरोबर एका खोलीत बसणं त्यांना सहन होत नाही, आणि याला कारण आहे. ते मला त्यांनी एकदाच सांगितलं, पहाटे, यंत्र रीसेट होत असताना. १४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० मुंबईहून बंगळूरला गेलं. भर दुपारी, स्वच्छ हवेत, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ कोर्सवर ते कोसळलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. उतरताना विमान ‘आयडल ओपन डिसेंट’ या मोडमध्ये राहिलं होतं. त्यात इंजिनं जवळजवळ विश्रांतीला असतात. वेग घसरत गेला, आणि ताकद मागितली तोवर वेळ उरला नव्हता. शेजारच्या दोन गुंड्यांमध्ये गफलत झाली असावी, अशी शक्यता चौकशीत मांडली गेली. सरकारने ए-३२० चा ताफा काही महिने उभा ठेवला. सर तेव्हा या विमानावर नवे होते. घरी बसून त्यांनी मॅन्युअल पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं.

“पट्टीवर लिहिलेलं होतं,” एवढंच ते म्हणाले आणि थर्मासचं झाकण लावलं.

त्यामुळे बोइंग ७३७ मॅक्सचा विषय निघाला की ते उखडतात. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन विमानं पडली, ३४६ माणसं गेली. नाक परस्पर खाली ढकलणारी एक यंत्रणा विमानात बसवली होती, आणि पहिला अपघात होईपर्यंत पायलटांच्या मॅन्युअलमध्ये तिचा खुलासा नव्हता. जुन्या ७३७ वाल्यांना सिम्युलेटरची गरज नाही, संगणकावरच्या धड्याने भागेल, असं ठरलं होतं. “मी रात्री दोनला बर्फ पाडतो, काकांचा चहा घालतो,” सर म्हणतात, “पण पट्टीवर जे येऊच शकत नाही असं फेल्युअर मी कधी दिलेलं नाही. ते निव्वळ फसवणं झालं.” त्यांच्या नीतिशास्त्रातलं हे एकमेव कलम. त्यात बसणारं काहीही ते देतात.

आता सकाळी साडेसहाची गोष्ट. स्लॉट संपलेला, पोरं पांढरी फटक पडून घरी गेलेली. प्रत्येकाचा रिपोर्ट भरायचा असतो. पूर्वी कागद होता, सर लाल पेनने दोन ओळी लिहायचे. आता टॅबलेट. नऊ गुण, प्रत्येकाला एक ते पाच आकडा, आणि ऑटोमेशन कसं हाताळलं याचा वेगळा रकाना. सरांनी नऊच्या नऊ भरले, शेरा लिहिला, सबमिट दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि सगळे रकाने रिकामे होऊन परत आले.

“मेंटेनन्स!” मला ते याच नावाने हाक मारतात. मी गेलो. सर टॅबलेट हातभर लांब धरून बसले होते.

“हे आता काय करतंय?”

त्यांनी पुन्हा आकडे भरले, पुन्हा दाबलं. पुन्हा रिकामं.

“हे असं का करतंय?”

तिसऱ्यांदा दाबायला त्यांचं बोट वर गेलं आणि हवेतच थांबलं. “आणि आता पुढे काय करणार?”

मला मोह आवरला नाही. “सर,” मी म्हटलं, “वर काय लिहिलंय?”

वर, पडद्याच्या कडेला, करड्या पट्टीत बारीक अक्षरांत ‘ऑफलाइन मोड’ लिहिलेलं होतं. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, परत वाचलं. मी कौतुकाची अपेक्षा केली नव्हती, पण निदान हसतील असं वाटलं होतं.

“चौकट आली नाही,” ते म्हणाले. “मोड बदलल्यावर दहा सेकंद चौकट यायला पाहिजे. लिहून घे. डिझाइनचा दोष.”

मी लिहून घेतलं. तो टॅबलेट कोणी बनवला आणि तक्रार कोणाकडे पाठवायची याचा पत्ता लागला नाही, म्हणून ती माझ्याच वहीत आहे.

सरांचा आवडता धडा शेवटच्या दिवशी असतो आणि बहुतेक पोरं त्याची धास्ती घेतात. त्यात ते काहीच बिघडवत नाहीत. फक्त सगळं बंद करायला लावतात. ऑटोपायलट बंद, ऑटोथ्रस्ट बंद, पडद्यावर वाट दाखवणाऱ्या फ्लाइट डायरेक्टरच्या रेघाही बंद. वेग, उंची, दिशा दाखवणारे आकडे उरतात, काठी उरते, आणि आता खरोखर हलवावे लागणारे लिव्हर. चल, उतरव. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०१३ मध्ये कंपन्यांना अधूनमधून हाताने उडवायला द्या असं सुचवलं, तेव्हा सरांनी त्या सूचनेची प्रत काढून नोटीस बोर्डावर लावली होती आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आता कळलं?’

मागच्या बॅचमध्ये लातूरकडची एक मुलगी होती. बोलायला हळू, पट्टी वाचायला चोख. रात्रीचा मुंबईचा अ‍ॅप्रोच, वाऱ्याचे झोत सरांनी मुद्दाम वाढवलेले. तिने एकेक वस्तू बंद केली आणि नाव घेऊन सांगितली. काठी दोन बोटांत. वेग पाच नॉट वर गेला की लिव्हर केसभर मागे, खाली आला की केसभर पुढे. कीबोर्डकडे एकदाही बघितलं नाही. मी कंट्रोल रूममधून पाहत होतो. सिम्युलेटरचे सहाही पाय हलकेच काम करत होते, जे चांगल्या हातात असतानाच होतं, कारण घाबरलेल्या माणसाबरोबर ते दणके घेतात आणि नंतर मला तेल बघावं लागतं. शेजारी बसलेला तिचा जोडीदार तोंड उघडं ठेवून बघत होता. सरांनी चकलीचा डबा उघडलेलाच नव्हता.

हजार फूट. मागून आवाज आला.

“एफएमए काय म्हणतंय?”

तिने वर बघितलं. “सर, काहीच नाही. सगळं बंद आहे ना. पट्टी कोरी आहे.”

“मग तसं म्हण.”

“एफएमए कोरं,” ती म्हणाली.

जोडीदार दचकून भानावर आला, त्याने मान वर करून रिकाम्या पाच खणांकडे नीट, डावीकडून उजवीकडे पाहिलं.

“चेक्ड.”